मुदतीचं पालकत्व



स्मृतिव्याख्यानाला शक्यतो थोर माणसाचा विषय घ्यावा, अशी रीत आहे. फादर फ्रान्सिस झेविअर मॉर्गन त्या अर्थाने थोर नव्हते. त्यांच्या नावावर गाजलेला ग्रंथ नाही, विद्वान म्हणून त्यांचा लौकिक नव्हता, प्रवचनकार म्हणूनही नव्हता. जगाला त्यांचं नाव माहीत आहे ते एवढ्याचसाठी, की बर्मिंगहॅममधल्या दोन पोरक्या भावांचे ते पालक होते आणि त्यांतला थोरला पुढे ‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणारा जे. आर. आर. टॉल्कीन झाला. अशा माणसाविषयी बोलताना दोन मोह होतात. एक म्हणजे त्याला टॉल्कीनच्या कादंबऱ्यांतला जादूगार गॅंडाल्फ करून टाकायचं; मुलाच्या कल्पनाशक्तीला दिशा देणारा गुरू म्हणून मखरात बसवायचं. दुसरा मोह त्याला खलनायक करण्याचा: प्रेमात पडलेल्या दोघांची तीन वर्षं ताटातूट करणारा कर्मठ पाद्री. मला ही दोन्ही चित्रं मान्य नाहीत. माझं म्हणणं असं, की फादर फ्रान्सिस यांनी टॉल्कीनला साहित्यातलं काहीएक शिकवलं नाही. त्यांनी विश्वस्ताचं काम केलं. ते करताना चुका केल्या, एक कठोर हुकूमही सोडला. पण मुदत भरल्यावर हातातली सत्ता खाली ठेवली. मूल सांभाळणारे पुष्कळ असतात. सांभाळलेलं मूल वेळेवर सोडून देणारे किती असतात?

आधी परिस्थिती बघू. रॉनल्ड टॉल्कीनचा जन्म 3 जानेवारी 1892 चा, दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनचा. वडील आर्थर तिथे बँकेत व्यवस्थापक होते. आई मेबल 1895 मध्ये रॉनल्डला आणि धाकट्या हिलरीला घेऊन इंग्लंडला माहेरी आली, आणि पुढच्याच फेब्रुवारीत आर्थर तिकडे आफ्रिकेत आजारपणाने गेले. तुटपुंज्या उत्पन्नावर मेबल मुलं वाढवू लागली. 1900 मध्ये तिने कॅथलिक पंथ स्वीकारला. आपल्याला वाटेल, ह्यात एवढं काय? बाई ख्रिस्तीच होती, ख्रिस्तीच राहिली. पण त्या काळच्या मध्यमवर्गीय प्रोटेस्टंट घराला हा घराण्याला लावलेला बट्टा वाटला. माहेरची माणसं संतापली, सासरचे बॅप्टिस्ट नातेवाईक बिथरले. बहिणीचा नवरा थोडीफार मदत करत असे, ती त्याने थांबवली. 1904 मध्ये मेबलला मधुमेह असल्याचं निष्पन्न झालं. इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा टोचलं गेलं ते 1922 मध्ये. तोवर ह्या दुखण्यावर इलाज नव्हता. त्या उन्हाळ्यात फादर फ्रान्सिस यांनी शहराबाहेर रेडनलला, एका पोस्टमनच्या घरात, तिची नि मुलांची राहण्याची सोय केली. तिथेच 14 नोव्हेंबर 1904 रोजी, वयाच्या 34 व्या वर्षी, ती वारली. थोरला बारा वर्षांचा, धाकटा दहा.

मृत्युपत्रात तिने मुलांचे पालक म्हणून फादर फ्रान्सिस यांना नेमलं होतं. असं नेमता येणं हीच तेव्हा तशी नवी गोष्ट होती. 1886 च्या कायद्याने इंग्लंडमधल्या आईला, बाप हयात नसेल तर, मृत्युपत्राने मुलांचा पालक ठरवण्याचा हक्क मिळाला होता. मेबलने तो नेमका वापरला, आणि नात्यातल्या कुणालाही न नेमता एका ब्रह्मचारी धर्मगुरूला नेमलं. नातेवाइकांमध्ये कुजबूज सुरू झालीच: मृत्युपत्राला आव्हान द्यावं, मुलांना प्रोटेस्टंट वसतिगृहाच्या शाळेत घालावं. म्हणजे फादर फ्रान्सिस यांच्या हाती आलं ते दोन पोरं, जेमतेम 800 पौंडांची गुंतवणूक आणि एक धुमसता घरगुती वाद.

आता हे फादर फ्रान्सिस कोण? 1857 साली स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एल पुएर्तो दे सांता मारिया ह्या बंदरगावात जन्मलेला, वेल्श आणि स्पॅनिश रक्ताचा, मोठ्या आवाजाचा, मायाळू गृहस्थ. घराण्याचा शेरीचा, म्हणजे तिकडच्या प्रसिद्ध मद्याचा, व्यापार. शिक्षण इंग्लंडमध्ये झालं आणि पुढे ते बर्मिंगहॅमच्या ओरेटरीत दाखल झाले. ओरेटरी म्हणजे काय, हे इथे समजून घ्यायलाच हवं, कारण माझ्या मते सगळ्या गोष्टीची कळ तिथे आहे. प्रोटेस्टंट धर्मपीठ सोडून कॅथलिक झालेले आणि पुढे कार्डिनल पदाला पोचलेले जॉन हेन्री न्यूमन यांनी 1849 साली ही संस्था बर्मिंगहॅममध्ये उभी केली. ओरेटरीतले धर्मगुरू एकत्र राहतात, पण जेझुइटांसारखं दारिद्र्याचं व्रत घेत नाहीत. स्वतःची मिळकत त्यांना बाळगता येते. शिवाय बिशपच्या हुकमासरशी आज ह्या गावी, उद्या त्या गावी, अशा त्यांच्या बदल्या होत नाहीत. ज्या घरात दाखल झाला, त्याच घरात जन्म काढायचा. ह्या दोन नियमांचा मुलांच्या दृष्टीने अर्थ काय झाला? पालकाच्या खिशात स्वतःचा पैसा होता आणि पालकाचा पत्ता कधी बदलणार नव्हता. फादर फ्रान्सिस कितीही प्रेमळ असते पण व्रतबद्ध संन्यासी असते, तर पोरांवर खर्च करायला त्यांच्याजवळ दमडी नसती. आणि साधे पॅरिश प्रीस्ट असते, तर दोन-चार वर्षांत दुसऱ्या गावी गेले असते. मेबलने हा सगळा हिशेब मांडला होता का, कोण जाणे. हिशेब बरोबर ठरला एवढं खरं.

शेरीच्या व्यापारातलं जे उत्पन्न फादरांच्या वाट्याला येई, त्यातून ते मुलांच्या खर्चाची तोंडमिळवणी करत. कुणाला ह्याचा डांगोरा पिटून सांगितला नाही. मुलं राहायला ठेवली ती मेबलच्या विधवा भावजयीकडे, बिअॅट्रिसकडे, ओरेटरीपासून जवळच. ही निवड फसली, हेही सांगून टाकतो. बाईंना मुलांचं ओझंच होतं. मेबलची सगळी पत्रं आणि कागदपत्रं त्यांनी जाळून टाकली. आईच्या हस्ताक्षराची राख रॉनल्डला स्वयंपाकघरातल्या शेगडीत दिसली. मुलांना ती जपून ठेवावीशी वाटतील, हे बाईंच्या डोक्यातही आलं नाही. फादरांना मुलांची खंत उमगायला 1908 उजाडावं लागलं, चांगली तीन-साडेतीन वर्षं. चांगुलपणाला नजर असतेच असं नाही! पण मुलांचं खरं घर तोवर दुसरीकडे झालं होतं. रोज सकाळी दोघं ओरेटरीत जात, फादर फ्रान्सिस यांच्या मिस्सेला वेदीसेवक म्हणून उभे राहत, मग तिथल्याच भोजनगृहात न्याहारी. भोजनगृह आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये ताटं सरकवायची एक फिरती खिडकी होती. तिच्यात स्वयंपाकघरातलं मांजर बसवून गरगर फिरवायचं, हा त्यांचा नित्याचा खेळ. तो झाला की किंग एडवर्ड्‌स शाळा.

ह्या शाळेपाशी पहिला आक्षेप घेऊ. लोक म्हणतात, धर्मगुरूचं पालकत्व ते कसलं? पोरं आपल्या पंथात टिकवून धरायची, एवढाच त्यात चर्चचा स्वार्थ. ह्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. मुलं कॅथलिक राहावीत ही मेबलची इच्छाच होती, त्यासाठीच तर ही नेमणूक होती. विश्वस्ताने विश्वस्तपत्रातलं पहिलं कलम पाळलं म्हणून त्याला दोष कसा द्यायचा? पण पंथ टिकवणं एवढंच ध्येय असतं, तर फादर फ्रान्सिस यांनी काय केलं असतं? न्यूमननी स्थापन केलेली ओरेटरीची स्वतःची कॅथलिक शाळा होती. मुलाला तिथे घातलं असतं की काम भागलं. त्यांनी रॉनल्डला किंग एडवर्ड्‌समध्येच राहू दिलं, जी जुन्या अँग्लिकन वळणाची शहरातली नामांकित शाळा होती. कारण मुलगा तिथे चमकत होता. घर म्हणून निवडलेल्या भावजयीलाही धर्माचं सोयरसुतक नव्हतं, आणि तेच तिच्या निवडीचं कारण होतं: निदान ती मुलांना उलट दिशेला ओढणार नव्हती. आता भाषेचं बघा. ग्रीक, लॅटिन, जुनी इंग्रजी, गॉथिक, हे सगळं शाळेने आणि शाळेतल्या वाचनाने रॉनल्डला दिलं. फादरांनी काय दिलं? त्यांच्या खोलीत स्पॅनिश पुस्तकं होती, ती हा पोरगा गुपचूप उचलायचा आणि आपलं आपण ती भाषा शिकू बघायचा; त्यातूनच त्याने नाफारिन नावाची एक बनावट भाषा रचायला घेतली. ह्याला कुणी साहित्यिक संस्कार म्हणत असेल तर म्हणो! फादर पाइप ओढत असत, आणि टॉल्कीननी आपल्या पाइपच्या व्यसनाचा उगम तिथे सांगितला आहे. तो वारसा निर्विवाद.

आता अवघड भागाकडे येतो. 1908 मध्ये फादरांनी मुलांना बिअॅट्रिसकडून हलवून ओरेटरीमागच्या डचेस रोडवर एका घरी ठेवलं. त्याच घरात एडिथ ब्रॅट राहत होती. ती पोरकीच, एकोणीस वर्षांची, पियानो उत्तम वाजवणारी, पंथाने अँग्लिकन; रॉनल्ड सोळाचा. पुढचं सांगायला नको. 1909 च्या शरद ऋतूत दोघं सायकलवर रेडनलच्या बाजूला फिरायला गेली आणि एके ठिकाणी चहा प्याली. चहावालीने ती गोष्ट ओरेटरीच्या माणसाच्या कानावर घातली, ती ओरेटरीच्या स्वयंपाकिणीपर्यंत आली, आणि स्वयंपाकिणीने फादरांच्या कानावर घातली. ओरेटरी झाली तरी स्वयंपाकघर ते स्वयंपाकघरच. फादरांनी हे प्रकरण बंद करायला फर्मावलं. त्याच डिसेंबरात रॉनल्ड ऑक्सफर्डच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेत नापास झाला. जानेवारी 1910 मध्ये दोघं पुन्हा चोरून भेटली, वाढदिवसाच्या भेटवस्तू एकमेकांना घेतल्या, आणि तेही उघडकीस आलं. तेव्हा फादरांनी हुकूम काढला: सज्ञान होईपर्यंत, म्हणजे 3 जानेवारी 1913 पर्यंत, एडिथला भेटायचं नाही, पत्र लिहायचं नाही, ऐकलं नाहीस तर विद्यापीठाचा नाद सोड. एडिथ चेल्टनहॅमला निघून गेली. डिसेंबर 1910 मध्ये रॉनल्डला ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजची वर्षाला 60 पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली.

दुसरा आक्षेप इथला, आणि तो जास्त जड आहे. हा जुलूम नव्हे का? प्रेमात पडणं हा गुन्हा आहे का? पैशाची धमकी देऊन आज्ञापालन करून घेणं हे पालकाला शोभतं का? फादरांच्या बाजूने एवढं सांगता येईल: मुलाला घर नव्हतं, जमीनजुमला नव्हता, पाठीशी भाऊबंद नव्हते, हुशारीच्या बळावर ऑक्सफर्ड गाठणं हा त्याच्यासमोरचा एकच दरवाजा होता आणि एकदा तो बंद झालेला दिसला होता. 60 पौंडांत तिथला खर्च भागत नव्हता. शाळेची थोडी मदत आणि वरची भर पुन्हा फादरांचीच. मला मात्र खरा मुद्दा वेगळा वाटतो. त्या मनाईला तारीख होती. ‘ही मुलगी नको’ असं फादर म्हणाले नाहीत, निदान त्यांच्या हुकमाचा अर्थ तसा नव्हता. ‘मी जबाबदार आहे तोवर नको’ एवढाच तो हुकूम. कायद्याने दिलेली सत्ता कायद्याने संपते त्या दिवशी मनाईही संपणार होती, आणि हे पालक आणि पाल्य दोघांनाही माहीत होतं. आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मनाई कुठल्या तारखेला संपते, सांगा बरं? टॉल्कीननी पुढे आपल्या मुलाला लिहिलेल्या पत्रात ही निवड किती यातनेची होती ते सांगितलं आहे, आणि त्याच पत्रात हेही म्हटलं आहे की बहुतेक सख्ख्या बापांपेक्षाही हा माणूस आपल्याला अधिक बाप वाटत होता, आणि तेही कसलंही बंधन नसताना.

पण म्हणून आक्षेप मिटला असं मी मानत नाही. ह्या हुकमाची किंमत सर्वांत जास्त कुणी दिली? एडिथने. ती फादरांची पाल्य नव्हती. 1910 च्या जानेवारीत ती स्वतः एकवीस वर्षांची, सज्ञान झाली होती. तिला कुणी विचारलं नाही. तीन वर्षं पत्र नाही, निरोप नाही, भरवसा नाही. वाट पाहून थकलेल्या मुलीने दुसऱ्याशी वाङ्‌निश्चय केला तर त्यात नवल काय? रॉनल्डने 3 जानेवारी 1913 सुरू होताच तिला पत्र लिहिलं, 8 तारखेला चेल्टनहॅम गाठलं, आणि तिने तो वाङ्‌निश्चय मोडला. हे पाहायला रम्य आहे. ज्याचा वाङ्‌निश्चय मोडला त्याला कसं वाटलं, ते चरित्रकार सहसा लिहीत नाहीत. पुढे रॉनल्डने तिला कॅथलिक व्हायचा आग्रह केला, आणि ज्या घरी ती राहत होती त्या घराने तिला बाहेर काढलं. मेबलला जे सोसावं लागलं, तेच तिच्या मुलाने आपल्या वधूच्या पदरात घातलं. ह्याचा दोष फादर फ्रान्सिसवर टाकता येणार नाही. आज्ञा मोडली नाही म्हणून रॉनल्डचं कौतुक करताना, त्या आज्ञापालनाचं बिल दुसऱ्याच्या नावे फाटलं, हे मात्र मांडायला हवं.

आता मुदत संपल्यावर काय झालं ते पाहा. माझी भिस्त ह्याच पुराव्यावर आहे. 1913 मध्ये रॉनल्डने भीतभीत फादरांना लग्नाचा बेत कळवला. कायद्याचा अधिकार संपला होता, पैशांचा आधार मात्र अजून त्यांचाच होता. दाबायचं असतं तर साधन हाताशी होतं. फादरांनी शांतपणे मान्यता दिली. आनंदाने उड्या मारल्या नाहीत, पण अडवलंही नाही. मग 1914 चं युद्ध आलं. 1916 च्या सुरुवातीला, फ्रान्सच्या आघाडीवर जाण्याआधी, टॉल्कीन बर्मिंगहॅमला गेले ते दोन कामं घेऊन: आपल्या नावचं थोडंसं भागभांडवल फादरांकडून स्वतःच्या नावावर करून घ्यायचं, आणि लग्न लवकरच करायचं ठरलंय हे सांगायचं. पहिलं काम झालं. बारा वर्षं सांभाळलेली ठेव फादरांनी मालकाच्या हवाली केली. दुसरं सांगायला टॉल्कीनची जीभ रेटेना. जुनी मनाई आठवली. लग्नाच्या पंधरवडाभर आधी त्यांनी पत्राने कळवलं. उलट टपाली शुभेच्छा आल्या, आणि हा विधी मी स्वतः ओरेटरीच्या चर्चमध्ये करीन असंही फादरांनी लिहिलं. पण वॉरिक गावी लग्नाची तयारी होऊन गेली होती. 22 मार्च 1916 रोजी लग्न तिथेच लागलं. पुढच्या वर्षी पहिला मुलगा झाला, त्याचं नाव जॉन फ्रान्सिस ठेवलं. बाप्तिस्मा द्यायला फादर बर्मिंगहॅमहून चेल्टनहॅमला आले. 1935 मध्ये ते वारले. ‘द हॉबिट’ प्रसिद्ध झालं 1937 मध्ये. आपल्या पाल्याची कीर्ती त्यांनी पाहिलीच नाही.

शेवटी साहित्याकडे वळतो, आणि तिसरा आक्षेप आधीच कबूल करतो: लेखकाच्या आयुष्यातली माणसं त्याच्या पुस्तकांत शोधणं हा पोरकट उद्योग आहे. टॉल्कीनना स्वतःला त्याचा तिटकारा होता. तेव्हा मी पात्र शोधणार नाही. मी एक प्रसंग बघणार आहे, जो त्यांनी दोनदा लिहिला. 1917 पासून आयुष्यभर ते बेरेन आणि लुथिएनची कथा लिहीत राहिले. ऑक्सफर्डजवळच्या वुल्व्हरकोटच्या दफनभूमीत पतिपत्नींच्या थडग्यावर हीच दोन नावं कोरलेली आहेत. त्यात मुलीचा बाप, राजा थिंगोल, मागणी घालणाऱ्या बेरेनला अट घालतो: सैतानी शत्रूच्या मुकुटातलं रत्न आणून दे. अट पुरी होणार नाही, ह्याच भरवशावर ती घातलेली आहे. हा विशीतल्या, नुकती ताटातूट भोगलेल्या तरुणाने रेखलेला बाप. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या शेवटी, 1955 च्या परिशिष्टात, आरागॉर्न आणि आर्वेनची कथा आहे. तीतला एल्राँड हा आर्वेनचा बाप, आणि दोन वर्षांच्या पितृहीन आरागॉर्नला वाढवणारा पालकही तोच. मुलगा वीस वर्षांचा होताच एल्राँड त्याला त्याचं खरं नाव सांगतो, वंशाची अंगठी आणि भंगलेल्या तलवारीचे तुकडे सुपूर्द करतो. राजदंड मात्र राखून ठेवतो. लग्नालाही अट आहे: गोंडोर आणि आर्नोर दोन्हींचा राजा झाल्याशिवाय नाही. अट थिंगोलइतकीच जड. पण ह्या वेळी अट घालणाऱ्याचं दुःखही लेखकाला दिसतं, आणि अट पुरी झाल्यावर तो शब्द फिरवत नाही. राजदंड आणि मुलगी, दोन्ही घेऊन एल्राँड स्वतः मिनास तिरिथला येतो आणि मुलीचा हात आरागॉर्नच्या हातात देतो. त्याच कादंबरीत गोंडोरचा कारभारी डेनेथॉर आहे, ज्याला पिढीजात सांभाळलेलं राज्य खऱ्या वारसाला परत द्यायचं नाही. तो स्वतःला जाळून घेतो. आणि त्याचा मुलगा फारामिर आहे, जो कारभाराची काठी निमूटपणे राजापुढे धरतो. ठेव आणि ठेव परत करणं हा प्रश्न टॉल्कीननी इतक्या बाजूंनी फिरवून पाहिला आहे की तो केवळ योगायोग म्हणून सोडून देणं मला जमत नाही. तो फादर फ्रान्सिस यांच्यापासूनच आला, हे सिद्ध करणंही मला जमणार नाही.

एवढं नक्की, की 1916 मध्ये ज्या पालकाला लग्न लावायचं होतं आणि लावता आलं नाही, त्याच्या जागेवर कथेतल्या पालकाला टॉल्कीननी लग्नाला हजर ठेवलं आहे. ह्या कादंबरीवरच्या चित्रपटांमधला एल्राँड बराच आढ्यताखोर करून ठेवला आहे. मुलीची समजूत घालून तिला समुद्रापार पाठवायच्या खटपटीत असतो. मूळ परिशिष्ट मोजक्याच पानांचं आहे. कादंबरी संपली म्हणून पुस्तक मिटून ठेवणाऱ्यांकडून ते हमखास राहून जातं. तेवढं वाचावं, ही विनंती.